दोन्ही बोल त्याचेच

यशया संदेष्ट्याला दिसतं ते पहाटेचं दृश्य आहे. राष्ट्रांमागून राष्ट्रं डोंगर चढून येताहेत, खांद्यावरच्या तलवारी उतरवून ऐरणीवर ठेवताहेत, पोलाद तापतं, लाल होतं, वाकतं आणि त्याचा नांगराचा फाळ होतो. योएलच्या कानी पडते ती हाक भर दुपारची आहे. औत सोडा, फाळ भट्टीत घाला, त्यांच्या तलवारी करा. तीच ऐरण, तोच घण, तेच लोखंड. आणि दोघांच्याही तोंडून बोलणारा तोच एक परमेश्वर. दोघांचीही पुस्तकं बायबलच्या एकाच पुठ्ठ्यात बांधलेली आहेत. आठवडी बाजाराच्या कडेला लोहाराचा भाता धापा टाकत असतो, ठिणग्या उडत असतात, घणाचे ठोके एकामागून एक पडत असतात, आणि वाटेने जाणाऱ्याला नुसत्या आवाजावरून कळत नाही की आत काय घडवणं चाललं आहे.

फाळ की तलवार?

नाशकात, शरणपूरच्या बाजूला लहानपण गेलेल्या माणसाला देवाच्या आवाजाचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. दिवेलागणीला चर्चची घंटा व्हायची, तिचा अखेरचा नाद हवेत असतानाच कुठूनशी अजान उठायची, जवळच्या देवळातल्या आरतीचे टाळ तिच्यात मिसळायचे, आणि त्या सगळ्या नादांच्या मधोमध आमच्या घरात आजीचा शास्त्रपाठ चाललेला असायचा. पिवळ्या बल्बचा उजेड तिच्या पांढऱ्या लुगड्यावर पडायचा. तिच्या पवित्र शास्त्राची पानं इतकी पातळ होती, की मागच्या पानावरची अक्षरं पुढच्या ओळींमधून पुसट दिसत राहायची. एक वचन वाचताना दुसरं त्याच्या पोटात हलत असायचं. ती क्रमाने वाचायची. वंशावळी आल्या तरी वाचायची, शाप आले तरी वाचायची, देव रागावला की आवाज चढवायची नाही आणि देव विरघळला की उतरवायची नाही.

ती काहीच गाळायची नाही.

त्यामुळे विसंगती माझ्या कानावर फार लवकर पडल्या. निर्गमाच्या तेहेतिसाव्या अध्यायात तंबूच्या दाराशी ढगाचा खांब उतरतो आणि परमेश्वर मोशेशी समोरासमोर बोलतो, दोन स्नेह्यांचं गुज चालावं तसा. पान उलटायच्या आत, त्याच अध्यायात, तोच परमेश्वर त्याच मोशेला बजावतो की माझं मुख पाहून माणूस जिवंत राहायचा नाही. कातळाच्या कपारीत उभं राहायचं, वरून देवाच्या हाताची सावली, आणि तो पुढे निघून गेल्यावर दिसेल ती केवळ पाठ. शमुवेलाच्या पुस्तकात देव म्हणतो की शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होतो आहे. शमुवेल रात्रभर आक्रोश करतो, सकाळी शौलाला गाठतो आणि सांगतो की देव म्हणजे माणूस नव्हे, त्याला पस्तावा होत नसतो. आणि अध्याय मिटता मिटता लिहिणारा पुन्हा लिहून ठेवतो की देवाला पस्तावा झाला. आजी हे सगळं एका लयीत वाचून जायची आणि मी प्रत्येक वळणाशी थांबायचे. आजी, मग खरं काय? तिचं उत्तर ठरलेलं असे. दोन्ही. पुढचं वाच, बाळा.

पुढे एलीया असायचा. कर्मेल डोंगरावर तो एकटा उभा आहे, समोर बआलाचे साडेचारशे संदेष्टे सकाळपासून ओरडून ओरडून घामाघूम झालेले, आणि एलीयाच्या एका प्रार्थनेला उत्तर म्हणून आकाशातून अग्नी उतरतो, होमार्पण चाटून टाकतो, दगड चाटतो, चरातलं पाणी चाटतो. देव अग्नीत आहे, याविषयी कुणाच्या मनात शंका उरत नाही. मग तोच एलीया जीव मुठीत धरून पळतो, होरेबच्या गुहेत शिरतो, आणि तिथे डोंगर फोडणारा वारा येतो, त्यात देव नसतो. भूकंप होतो, त्यात देव नसतो. आग लागते आणि त्या आगीतही देव नसतो. त्यानंतर जे येतं ते इतकं बारीक आहे की त्याला आवाज म्हणावं की आवाजाचं सरून जाणं, हे सांगता येत नाही. एलीया चेहरा झाकून घेतो.

काल अग्नी, आज निःशब्द.

या एलीयाचं आपल्या कोकणाशी जुनं नातं आहे. मराठी बोलणारे बेने इस्राएल त्याला एलियाहू हन्नावी म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावात कातळावर खुणा आहेत. स्वर्गात जाताना त्याचा रथ इथे टेकला, अशी त्यांची श्रद्धा. नवस बोलायचा तो त्याला, फेडायचा तो त्याच्या नावाने, मलिद्याच्या ताटात गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं मांडून. मला त्या कातळाचं फार अप्रूप वाटतं. अग्नीच्या रथाची चाकं ज्या दगडावर उमटली, त्याच दगडावर पावसाळ्यात शेवाळ धरतं, समुद्राचा खारा वारा फिरतो, आणि तिथे उभं राहून माणसं आजारपणाचं, लग्नाचं, पोराबाळांचं हळू आवाजात सांगतात. आगीचा संदेष्टा आणि कुजबुज ऐकणारा संदेष्टा त्यांनी वेगळे केले नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्याचा राग आणि माया कुणी वेगळ्या खात्यात मांडतं का?

सगळ्या संदेष्ट्यांत मला जवळचा वाटतो तो योना, कारण देवाच्या बोलण्यातली विसंगती त्याच्या जिव्हारी लागली. निनवे नगरात फिरून त्याने पुकारा केला की चाळीस दिवसांनी हे नगर उलथून पडेल. पुकाऱ्यात जर-तर नव्हतं. पश्चात्ताप केलात तर वाचाल, असं त्याने म्हटलं नव्हतं. पण राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, माणसांनी गोणताट नेसलं, गुराढोरांच्या अंगावरही गोणताट घातलं गेलं, आणि एकेचाळिसावा दिवस उजाडला तेव्हा निनवेच्या चुली नेहमीसारख्या पेटल्या. देवाने सांगितलेलं खोटं ठरलं होतं आणि सांगणारा उघड्यावर पडला होता. योना उन्हात जाऊन बसला, मरण मागू लागला. एका रात्रीत उगवलेल्या आणि एका रात्रीत सुकलेल्या वेलीसाठी त्याचा जीव कासावीस झाला, तेव्हा देवाने त्याला विचारलं की उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं या शहरात आहेत, शिवाय कितीतरी जनावरं आहेत, त्यांच्यासाठी मला कळवळा येऊ नये का? पुस्तक या प्रश्नावरच संपतं. योनाने काय उत्तर दिलं, ते कुणी लिहिलेलं नाही.

मला वाटतं, सगळी गुरुकिल्ली त्या न लिहिलेल्या उत्तरात आहे. भाकीत खरं ठरावं म्हणून ते निनवेत पाठवलेलंच नव्हतं. ते खोटं पडावं, हीच पाठवणाऱ्याची इच्छा होती. संदेष्ट्याचा बोल म्हणजे पुढे काय होणार याची नोंद, असं धरून आपण वाचतो आणि म्हणून अडतो. तो बोल ही एक हाक असते, कुणाला तरी, कुठल्या तरी घडीला, काठावरून मागे ओढण्यासाठी मारलेली, आणि मागे ओढलेला माणूस जिथे उभा राहतो तिथे तिचे शब्द लागू राहत नाहीत. हिज्किया राजा आजारी पडला तेव्हा यशयाने त्याला सांगितलं की निरवानिरव कर, तू जगणार नाहीस. राजाने भिंतीकडे तोंड केलं आणि तो रडला. यशया अजून वाड्याच्या मधल्या चौकातून बाहेरही पडला नव्हता, तोच शब्द त्याच्यापाशी पुन्हा आला. माघारी जा. पंधरा वर्षं वाढवली आहेत, असं सांग. किती अंतर असेल त्या चौकाचं? काही पावलं. तेवढ्या पावलांत देवाचा शब्द बदलला, कारण तेवढ्या वेळात एक माणूस रडला होता.

गोदाघाटावर उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती मला या वाचनात नेहमी सोबतीला असते. धड एक, मुखं दोन, पाहण्याच्या दिशा विरुद्ध. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक त्या मूर्तीच्या अंगावरून पूर मोजतं. पाणी मारुतीच्या पायाशी आलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं. गढूळ, लालसर, फेसाळ पाणी दोन्ही अंगांनी धावत असतं, काठावर छत्र्यांची दाटी असते, भिजल्या मातीचा आणि वाहून आलेल्या झाडपाल्याचा वास सगळ्या घाटावर पसरलेला असतो, आणि मूर्तीचं एक मुख येणाऱ्या लोंढ्याला सामोरं असतं, दुसरं निघून जाणाऱ्या लोंढ्याकडे पाहत असतं. एका मुखाला काय दिसतं ते दुसऱ्याला विचाराल तर ते नेमकं उलट सांगेल. तरी पूर एकच आहे आणि उभं राहणंही एकच. नदीत ज्याला ठाम उभं राहायचं आहे, त्याला दोन्हीकडे पाहावंच लागतं.

पण हे इथे सोडलं तर फार सोयीचं होईल. दोन्ही बोल खरे म्हणून हात जोडून मोकळं होता येत नाही, कारण शास्त्रात खोटे संदेष्टेही आहेत आणि तेही देवाच्याच नावाने बोलतात. यिर्मया मानेवर लाकडी जू घालून यरुशलेमेत फिरत होता. बाबेलच्या राजाचं जू पत्करा, नाहीतर नगर जाईल, असं सांगत होता. भर मंदिरात हनन्या पुढे आला. त्याने यिर्मयाच्या मानेवरचं जू उतरवून मोडून टाकलं आणि सांगितलं की दोन वर्षांच्या आत परमेश्वर बाबेलचं जू असंच मोडील. लोकांना किती हायसं वाटलं असेल! आणि हनन्या नवीन काही बोलत नव्हता. शंभर वर्षांपूर्वी, इ.स.पू. ७०१ मध्ये, अश्शूरचं सैन्य याच नगराला भिडलं होतं तेव्हा यशयाने हेच सांगितलं होतं की या नगराचं रक्षण मी करीन, आणि नगर वाचलं होतं. हनन्याच्या ओठांवर यशयाचाच विश्वास होता. चुकली होती ती घडी. इ.स.पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम जळालं.

काल जो शब्द धीर होता, तो आज भूल झाला होता.

त्या प्रसंगातलं यिर्मयाचं वागणं मला सगळ्यांत हलवून जातं. हनन्याचं बोलून झाल्यावर तो म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो. हा टोमणा नव्हता, असं मी मानते. त्याला खरोखरच हनन्या खरा ठरायला हवा होता. आपलं भाकीत फसावं, नगर वाचावं, आपण खोटे पडावं, एवढी त्याची त्या गल्ल्यांवर, त्या विहिरींवर, तिथल्या लेकरांवर माया होती. मोडक्या जुवाकडे पाहून तो गप्प निघून गेला, कारण त्या क्षणी त्याच्यापाशी दुसरा शब्द आलेला नव्हता, आणि न आलेला शब्द त्याने आपल्या मनाने रचला नाही. खऱ्या-खोट्याची ओळख मला इथे पटते. अहाब राजाच्या दरबारात चारशे संदेष्टे एका सुरात विजय पुकारत होते. एकट्या मीखायाला मेंढपाळावाचून डोंगरावर पांगलेली मेंढरं दिसत होती. चारशेंना शाबासकी मिळाली, मीखायाला थप्पड आणि कैदेतली भाकर. जो ऐकणाऱ्याला हवं ते सांगतो आणि सांगून काही मिळवतो, त्याच्या तोंडचं देवाचं नाव पारखून घ्यावं. जो सांगताना स्वतः रडतो, त्याच्यापाशी थांबावं.

ही पारख शरणपूरने फार पूर्वी करून दाखवली आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेल्या या वस्तीत आफ्रिकेतली मुलं येऊन राहिली होती. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पकडून जहाजात कोंबलेली, इंग्रजी आरमाराने समुद्रावर सोडवलेली, आणि मग गोदावरीच्या या काळ्या मातीत आणून ठेवलेली मुलं. इथे ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, अक्षर शिकली, शास्त्र शिकली. जेकब वेनराइट त्यांतला एक. १ मे १८७३ रोजी आफ्रिकेच्या आत खोलवर मिशनरी प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा बरोबरच्या माणसांनी त्यांचं काळीज तिथल्याच एका झाडाखाली पुरलं. अंत्यविधीचा पाठ वाचला तो जेकबने, आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या देहाचं दफन झालं, त्या वेळीही तो हजर होता. ज्या पुस्तकातली वचनं दाखवून मळेवाले गुलामांना धन्याच्या आज्ञेत राहायला सांगत, तेच पुस्तक हातात धरून गुलामीतून सुटलेला एक तरुण मोकळ्या आभाळाखाली उभा होता. मिसरच्या बेड्या तोडणारा देव त्याच पुस्तकात होता. मळेवाल्यांच्या वाचनात तो आला नव्हता का? आला असणार.

त्यांनी ते पान गाळलं होतं.

गोदावरीच्याच काठी, नाशिकजवळच्या जलालपुरात, १८६८ मध्ये लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या. कडक सोवळ्याचं घर. देव हवा तर आधी विटाळ टाळायला हवा, अशा धाकात वाढलेलं बालपण. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसाराच्या मधोमध दरी पडली. टिळक म्हणत की आपण ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून गेलो. त्यांना जिथे पूल सापडला, तिथे लक्ष्मीबाईंना उघडी दरी दिसत होती. एका घरात एकाच हाकेने एकाला घर दिलं आणि दुसरीचं घर काढून घेतलं. पुढे त्या बाईंच्या मनाने स्वतःच प्रश्न घातला की माणसामाणसांत ही उतरंड देवाने रचली की माणसाने, आणि उत्तर मिळालं तेव्हा त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार झाल्या. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. मधली वर्षं देव टिळकांशी एक आणि लक्ष्मीबाईंशी दुसरं बोलत होता का? मला वाटतं, तो दोघांशीही बोलत होता, पण प्रत्येकाशी तिथून, जिथे ते माणूस उभं होतं.

आणि पंचवटी. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, दादासाहेब गायकवाड होते, हजारो स्त्री-पुरुष होते, काळ्या दगडाच्या भिंतींवर फाल्गुनाचं ऊन तापत होतं आणि दरवाजे आतून लावलेले होते. आतल्यांच्या तोंडी शास्त्र होतं. बाहेरच्यांच्या मागे शबरी होती, चोखोबा होते. एकाच परंपरेचे दोन बोल एका लाकडी दाराच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि आतला बोल वर्षानुवर्षं दार धरून बसला. १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १९५६ मध्ये त्यांनी जो धम्म स्वीकारला, त्यात आकाशातून येणाऱ्या आवाजाची वाटच पाहायची नसते. देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाने हे दार कधी विसरू नये. विसंगत वचनांतून आपल्या सोयीचं वचन उचलण्याची किंमत बाहेर उन्हात उभं असलेलं माणूस मोजतं.

तरीही मी त्या जुन्या लेखनिकांची ऋणी आहे ज्यांनी दिव्याच्या उजेडात चर्मपत्रांवर ही पुस्तकं उतरवली. यशया ठेवून योएल वगळणं त्यांना सोपं होतं. देवाच्या पस्ताव्याची एक ओळ खरवडून टाकणं तर त्याहून सोपं. त्यांनी तसं केलं नाही. पुढे यहुदी पंडितांमध्ये हिल्लेल आणि शम्माय यांची घराणी तीन वर्षं वाद घालत राहिली, तेव्हा आकाशवाणी झाली, असं तालमूद सांगतो, की दोन्ही बोल जिवंत देवाचेच आहेत, पण चालायचं ते हिल्लेलच्या मार्गाने. का? तर हिल्लेलचे शिष्य सौम्य होते. आपलं मत मांडण्याआधी ते समोरच्याचं मत शिकवत. आपल्या केडगावात पंडिता रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक पोथ्या समोर ठेवून सगळं शास्त्र मराठीत आणत होत्या. बालविधवांच्या, दुष्काळात टाकलेल्या मुलींच्या गलक्यात बसून त्यांनी फाळाची ओळ लिहिली आणि तलवारीचीही लिहिली. संपूर्णाला प्रामाणिक राहणं, ही त्यांची उपासना होती.

आजीच्या त्या एका शब्दाच्या उत्तराशी मी आता सहमत आहे. दोन्ही. पण त्या एका शब्दात किती काम भरलेलं आहे, हे मला वय वाढल्यावर कळलं. उन्मत्त झालेल्याला मारलेली हाक आणि खचलेल्याला मारलेली हाक सारखी असूच शकत नाही; जो देव दोघांशी एकच वाक्य बोलेल, तो दोघांपैकी कुणालाच ओळखत नाही असं म्हणावं लागेल. विसंगतीच्या मुळाशी ही ओळख आहे, ही माया आहे.

म्हणून वाचकहो, शास्त्र कोणतंही असो, त्यातल्या दोन ओळी एकमेकींच्या विरुद्ध उभ्या दिसल्या तर एक खोडून दुसरी भिंतीवर टांगू नका. दोन्ही वाचा. त्या कुणाला सांगितल्या होत्या, त्या घडीला जू कुणाच्या मानेवर होतं आणि कासरा कुणाच्या हातात होता, हे विचारा. मग आज आपण त्यांतल्या कुणाच्या जागी आहोत, हे खरं खरं ठरवा. जू मानेवर असेल तर धीराची ओळ तुमची आहे. कासरा हातात असेल तर इशाऱ्याची ओळ तुमच्यासाठी आहे, आणि तीच आधी वाचा.